बाळाराममामांचा पुकारा

“सरकार विरुद्ध प्रकाश पाटीऽऽऽल! आरोपी प्रकाश पाटील हाजीर हाय काऽऽऽ?”

पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी हा आवाज सुटला की गॅलरीतली कबुतरं आधी उडायची आणि मग ‘आपण उडालो कशाला?’ असा विचार करत परत येऊन बसायची. खाली नोटरीच्या टेबलावरचे कागद फडफडायचे. बाररूममध्ये डोळे मिटून कायद्याचं चिंतन करणारे ज्येष्ठ वकील “ऑब्जेक्शन!” म्हणत खुर्चीतून उठायचे. त्या दिवशी तर कहर झाला. ठाणे जिल्ह्यात प्रकाश पाटील नावाची माणसं किती असतील, याचा अंदाज सरकारलासुद्धा नसावा. पुकारा झाला आणि सहा-सात प्रकाश पाटील धापा टाकत कोर्टाच्या दारात उभे. एक चेक बाउन्सवाला, एक घटस्फोटवाला, एक नुसताच कँटीनमध्ये मिसळ खायला आलेला. तर्री ओठाला तशीच. आणि त्यांच्यात एक असा निघाला, की ज्याला पोलीस कित्येक वर्षं शोधत होते. तो बिचारा मेव्हण्याच्या जामिनासाठी आला होता. शाळेची सवय वाईट. नाव कानावर पडल्यावर हात वर करून म्हणाला, “हजर!” हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं, त्याने हवालदाराकडे पाहिलं, आणि हवालदाराच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“साहेब,” पुकारा करणारा माणूस शांतपणे आत येऊन न्यायाधीशांना म्हणाला, “बोलावला एक, आयला सगला गाव. पायजे तो ठेवा, बाकीचे परत धाडतंय.”

हे आमचे बाळाराम म्हात्रे. कोर्टाचे पट्टेवाले. कोर्टात शिपायाला मामा म्हणायची रीत आहे, म्हणून सगळ्यांचे बाळाराममामा. मी त्याच कोर्टात स्टेनो. न्यायाधीश सांगतील ते टाइप करायचं, आणि सांगणार नाहीत ते कानाआड करायचं. कोर्ट कुठलं ते विचारू नका. ठाण्याहून निघालात आणि कसाऱ्याच्या आधी थांबलात की वाटेत कुठेतरी आहे.

मामांची मूर्ती एवढीशी. पांढरा युनिफॉर्म, त्यावर लाल पट्टा, पट्ट्यावर चिंच लावून घासलेला पितळी बिल्ला. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बिल्लाच चालत येतोय. पण त्या पाप्याच्या पितरात देवाने कुठल्या तरी गिरणीचा भोंगा चुकून बसवला होता. ते मूळचे शहाडपलीकडच्या आगरी गावातले, उल्हास नदीच्या काठचे. लहानपणी ह्या काठावरून त्या काठावरच्या म्हशींना नावाने हाक मारायचे आणि म्हशी पोहत यायच्या, असं ते सांगायचे. एकदा तर म्हणे शेजारच्या गावच्या म्हशीही आल्या, त्यावरून मारामारी झाली. तरुणपणी गावोगावच्या कबड्डीच्या सामन्यांत माईकशिवाय कॉमेंट्री केली. विठ्ठलवाडीला राहणारा माझा साडू शपथेवर सांगतो, की वारा बरोबर दिशेचा असला तर घरी बसून आजच्या तारखा कळतात. साडू खोटं बोलतो, पण फार नाही.

आवाजाची निगा ते गवयासारखी राखायचे. खिशात खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची कांडी. बर्फाचा गोळा, आइस्क्रीम, फ्रीजचं पाणी हे शत्रुपक्षात. मध्यंतरी वरून आदेश आला आणि दाराबाहेर लाल अक्षरांत केस नंबर दाखवणारी पाटी लागली. मामा तिच्याकडे सवतीकडे बघावं तसे बघायचे. “तिच्यात नुसता नंबर येतं. मानूस काय नंबर हाय?” पाटी पंधरा दिवसांत आपोआप बंद पडली. मी म्हणतो, लाजेने.

कारण मामांच्या लेखी पुकारा म्हणजे नुसती आरडाओरड नव्हती. एकदा मी विचारलं, “मामा, नुसतं आडनाव घेतलंत तरी माणूस येतो की! बापाचं नाव, गाव, एवढं कशाला?” तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच आरोपी.

“साळवीबाबू, कोर्टात येतं तो घाबरलेला येतं. पोलीस त्याला ‘ए’ बोलतं, वकील ‘चल’ बोलतं. त्याचा पुरा नाव, बापासकट, गावासकट, मान देऊन घेनारा आख्ख्या बिल्डिंगीत मी एकला.”

या माणसाला हळू बोलणं माहीतच नव्हतं. एका दुपारी माझ्या कानाला लागून त्यांनी गुपित सांगितलं, “आपल्या साहेबांना डुलकी लागली हाय.” साहेब जागे झाले, वकील जागे झाले, शेजारच्या कोर्टातले साहेबही जागे झाले. मामी म्हणायच्या, “आमच्या घरातली भांडणं गावात तोंडी लावायला घेतात.”

तर अशा माणसाच्या राज्यात नवीन कायदे आले. आमच्या बाररूमची त्या दिवसांतली अवस्था सांगण्यासारखी आहे. जन्मभर ‘तीनशे शहात्तर’ म्हणून बलात्काराचं कलम पाठ केलेले वकील सकाळी उठून ‘चौसष्ट, चौसष्ट’ असा जप करत होते. एकाने तर युक्तिवादाच्या भरात कलम म्हणून स्वतःच्या स्कूटरचा नंबर सांगितला, आणि समोरच्या वकिलाने त्यावर हरकतही घेतली नाही. नंबर बदलले, पण एक गोष्ट जुन्या कायद्यातही होती आणि नव्यातही राहिली. अशा खटल्यात ज्या बाईवर अत्याचार झाला, तिचं नाव बाहेर फोडायचं नाही. तिची साक्ष बंद दाराआड घ्यायची.

आणि त्याच सुमारास आमच्या कोर्टात नवीन न्यायाधीश मॅडम आल्या. आवाज एवढा मऊ, की पहिले चार दिवस मी अंदाजाने टाइप केलं.

आता ती केस. त्या बाईंचं नाव मीही सांगणार नाही. माझी जीभ सैल आहे, पण इतकी नाही. एवढंच सांगतो, की त्या एका शिलाई कारखान्यात कामाला होत्या. सुपरवायझरने स्टॉक मोजायच्या निमित्ताने थांबवून घेतलं आणि जे करायचं नाही ते केलं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी पोलिसात जाऊन तक्रार दिली. सुपरवायझरचं गोत मोठं. दर तारखेला भाऊ, मेव्हणे, चुलते, लग्नाला निघाल्यासारखे येऊन गॅलरीच्या बाकांवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळायचे.

बाईंच्या साक्षीची पहिली तारीख. बेंच क्लार्कने पुकाऱ्यासाठी मामांच्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर नियमाप्रमाणे लिहिलेलं, ‘पीडिता, साक्षीदार क्रमांक एक’. मामांनी चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

“हिचा नाव कुठं हाय?”

बेंच क्लार्क फोनवर होता. त्याने हातानेच ‘जा, जा’ केलं. मामांना वाटलं, आळशी माणूस, नाव लिहायचा कंटाळा केला. गरिबाच्या बाईला काय नाव नसतं? ते थेट समन्स बजावणाऱ्या कॉन्स्टेबलकडे गेले, त्याच्याकडून पूर्ण नाव घेतलं, बापाचं घेतलं, गावाचं घेतलं. मग गॅलरीच्या मधोमध उभे राहिले, पट्टा सारखा केला, आणि आयुष्यात कधी केला नसेल इतका खणखणीत, इतका मानाचा पुकारा केला. एकदा नाही, रीतीप्रमाणे तीनदा.

गॅलरीतली सगळी डोकी वळली. बाकावरचं ते सगळं गोत वळलं. खांबाआड नणंदेचा हात धरून बसलेल्या बाई उठल्या. क्षणभर वाटलं, आत येतायत. पण त्या वळल्या, जिना उतरल्या आणि गेटबाहेर निघून गेल्या. नणंद मागे धावली. बाकावर कुणीतरी हसलं.

मामा दारात येऊन म्हणाले, “मॅडम, हाय म्हनून उठली, पन गेली. तब्येत बरी नसंल.”

मॅडमनी त्यांना चेंबरमध्ये बोलावलं. मी डिक्टेशनची वही घेऊन कोपऱ्यात होतोच. एरवी मला मॅडमचा आवाज ऐकू यायचा नाही, त्या दिवशी एकूण एक शब्द आला.

“मामा, जे नाव कायदा झाकून ठेवतो, ते तुम्ही सगळ्या इमारतीला सांगितलंत.”

“मॅडम, मी तं मान देऊन—”

“कळतंय मला. हेतू चांगला होता म्हणून लेखी काही काढत नाही. पण बाकीचा पुरावा लंगडा आहे. त्या पुढच्या तारखेला आल्या नाहीत, तर तो माणूस इथून हार घालून घरी जाईल.”

मामा बाहेर आले. खिशातून खडीसाखर काढली, पाहिली, परत ठेवली. संध्याकाळपर्यंत जेवढे पुकारे झाले, ते एवढे बारीक झाले, की दोन आरोपी हजर असूनही गैरहजर लागले असते.

सरकारी वकील होत्या वाघमारे मॅडम. उल्हासनगरात वाढलेल्या, एका हातात फाइल आणि एका हातात वडापाव घेऊन जिना चढणाऱ्या, आरोपीच्या वकिलांना ‘दादा’ म्हणून गोड बोलत घाम फोडणाऱ्या. त्या महिला कॉन्स्टेबलला घेऊन बाईंच्या घरी गेल्या. परत आल्या तेव्हा मामा गेटवरच उभे.

“काय बोलली?”

“यायला तयार आहेत.”

मामांनी आकाशाकडे बघून हात जोडले.

“थांबा, हात जोडू नका एवढ्यात. दोन अटी आहेत. नाव कुणी घ्यायचं नाही. आणि त्या लोकांच्या समोरून त्या चालणार नाहीत. कुणी एक जरी बाकावर दिसला तर तिथूनच परत, आणि पुन्हा बोलवू नका म्हणाल्यात.”

अडचण अशी, की साक्षीदारांची खोली गॅलरीच्या एका टोकाला, आमचं कोर्ट दुसऱ्या टोकाला, आणि मधली सगळी बाकं त्या गोताची. न्यायाधीश मॅडमनी फर्मान काढलं. त्या दिवशी गॅलरी मोकळी ठेवायची, आरोपी आणि साक्षीदाराच्या मध्ये पडदा लावायचा, आणि म्हात्रेमामांनी स्वतः साक्षीदार खोलीत जाऊन, नाव न घेता, हळू आवाजात बाईंना बोलावून आणायचं.

हळू आवाजात! मामांना कुणी उल्हास नदी फुंकर मारून अडवायला सांगितली असती, तरी ते इतके घाबरले नसते.

मग सुरू झाला रियाज. जुन्या फायलींच्या खोलीत दार लावून मामा म्हणायचे, “चला बाई.” बाहेर रस्त्यावरची रिक्षा थांबायची. पुन्हा, “चला बाई.” कँटीनवाला चहा घेऊन यायचा. तोंडावर रुमाल धरून पाहिलं, उशी धरून पाहिली. घरी मामींसमोर सराव केला, तर शेजारच्या तीन बायका चपला घालून दारात आल्या, “कुठं जायचा?” मामी मला फोनवर म्हणाल्या, “भाऊ, आयुष्यात पयल्यांदा हा मानूस माज्याशी हळू बोलाया बघतंय. तुमच्या कोर्टाचा भला होवो.”

“मामा, नाही जमलं तर मी जाते त्यांना आणायला,” वाघमारे मॅडम म्हणाल्या.

“नाय. मी मोडला, मीच सांधीन.”

मधल्या एका तारखेला दुसराच काही अर्ज होता. बाई यायच्या नव्हत्या, पण गोत आलेलं. मामा पाण्याचा जग घेऊन त्यांच्यात फिरताना दिसले. एकेकाजवळ बसून गोड गोड चौकशी. “पाहुणे कुठले? तुमच्या वडलांचा नाव काय? अरे वा! म्हंजे गाव तो नदीकडचा?” माझं डोकंच फिरलं. ज्यांच्यामुळे एवढं रामायण, त्यांना पाणी पाजतायत! मी दोन दिवस मामांशी बोललो नाही. त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण ते तोंडात पाणी धरून गुळण्या करत फिरत होते.

तारीख उगवली. बाई मागच्या गेटने आल्या आणि साक्षीदार खोलीत बसल्या. गोत नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा ऐसपैस. हवालदाराने दोनदा उठवलं, ते चार पावलं सरकले आणि परत बसले. “सार्वजनिक जागा आहे,” एक मेव्हणा कायदा सांगू लागला. साक्षीदार खोलीचं दार किलकिलं झालं, आणि परत बंद झालं. वाघमारे मॅडमच्या कपाळावर आठी.

तेव्हा बाळाराम म्हात्रे गॅलरीच्या मधोमध आले. पट्टा सारखा केला. छाती भरून घेतली. मी कानांत बोटं घातली.

पहिलं नाव मेव्हण्याचं. पूर्ण. बापाचं नाव, आडनाव, गाव, पाडा, आणि शेवटी, “अत्याचाराच्या केसमधल्या आरोपीचा मेव्हणा! गॅलरी सोडून तलमजल्यावर जाऽऽऽ!”

सगळी इमारत थांबली. वरच्या मजल्यावरून माणसं कठड्याला येऊन वाकून बघायला लागली. घटस्फोटवाले, चेकवाले, टायपिस्ट, पोलीस, झेरॉक्सवाला. सगळ्यांच्या माना वळल्या त्या मेव्हण्याकडे. तो उठला आणि रुमालाने तोंड पुसत जिन्याकडे चालू लागला.

दुसरं नाव मोठ्या भावाचं. रीतीप्रमाणे, बापासकट, गावासकट, नात्यासकट. तिसऱ्या नावाला चुलते आपण होऊन उठले. पाचव्याला बाकीचे पळाले. एकाची चप्पल बाकाखाली राहिली, ती न्यायलासुद्धा तो परत आला नाही. शहाड स्टेशनवर त्या दिवशी त्या गावची जी माणसं होती ती म्हणे मान खाली घालून पुढच्या गाडीने घरी गेली. हे मी पाहिलेलं नाही, पण असं झालं नसेल तर नवल.

गॅलरी रिकामी. कबुतरंसुद्धा नाहीत.

मामा साक्षीदार खोलीच्या दाराशी गेले. आम्ही सगळे श्वास रोखून. मामांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. आणि त्यांनी बाजूला सरून नुसता हात पुढे केला, घरी आलेल्या लेकीला ‘आत ये’ म्हणताना करतात तसा. बाई बाहेर आल्या. रिकाम्या गॅलरीकडे पाहिलं. मग मामांकडे. आणि चालू लागल्या. पुढे बाई, दोन पावलं मागे मामा, बूट हातात घेऊन. बुटांचा आवाज होतो म्हणून.

आत काय झालं ते सांगणार नाही. दार बंद असतं ते त्याच्यासाठीच. एकच सांगतो. आरोपीच्या वकिलांनी, मोठ्या नावाच्या, पांढऱ्या केसांच्या, बाईंच्या आधीच्या वागणुकीबद्दल एक प्रश्न सुरू केला. मॅडमनी मान वर केली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, “हा प्रश्न कायद्याने केव्हाच बंद केलाय. आपल्याला कुणी कळवलं नाही का?” मी तो प्रश्न टाइप केला नाही. बाईंना मधे पाणी दिलं, थांबू दिलं, पुन्हा बोलू दिलं. पडदा होता, तरी एकदा त्या पडद्याकडे बोट करून बोलल्या. बोट हललं नाही. दाराची कडी तुटलेली होती, ती दुरुस्त करायचा अर्ज वर गेलेला होता आणि वरच राहिलेला होता. साक्ष संपेपर्यंत बाहेरून मामा दाराला पाठ लावून उभे होते. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा मी आतून ढकललं तरी दार उघडेना, मामा जागचे हललेच नव्हते.

त्या दिवशी चेंबरमध्ये मॅडमनी विचारलं, “मामा, गॅलरी मोकळी करायची म्हणजे नावं पुकारायची, असं मी सांगितलं होतं?”

“नाय मॅडम. पन त्यांची नावं झाकायला कायद्यात कुठं लिवलंय?”

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. खांदे हलताना मी पाहिले. टाइप मात्र केलं नाही.

निकाल लागला. शिक्षा झाली. तेव्हा मामांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. निरोपाला बारने त्यांना माईक भेट दिला. त्यांनी तो हातात घेऊन भाषण केलं, माईक चालू न करता.

पुढे वर्षभराने मी शहाडच्या बाजारात गेलेलो. मावरं, म्हणजे मासळी, घ्यायची होती, आणि मासे पारखायला मामांसारखा माणूस नाही. तेच मला हाताला धरून कोळिणीकडे घेऊन गेले. भाव चालू होता. म्हणजे मामा भाव करत होते आणि आख्खा बाजार ऐकत होता.

“मामा!” मागून हाक आली.

त्या बाई होत्या. हातात पिशवी, पिशवीत रंगीत दोऱ्यांची रिळं, बरोबर दोन मुली. स्वतःचं शिलाईचं दुकान काढलंय म्हणाल्या, मुली शिकायला येतात. चेहरा असा, की मी आधी ओळखलंच नाही. हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

“आवाजावरून ओळखलं तुम्हाला, रस्त्यापलीकडून! मला ओळखलंत का?”

“वलखला तं!”

“खोटं. सगळेच असं म्हणतात.” बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चेष्टेने मान वाकडी केली. “मग सांगा बघू, माझं नाव काय?”

कोळीण ऐकत होती. शेजारचा लिंबूवाला ऐकत होता. त्या दोन मुली ऐकत होत्या. मामांनी हातातलं मावरं परत टोपलीत ठेवलं.

“मना म्हायती नाय,” ते म्हणाले.